शोरूममध्ये पाय ठेवण्याआधी: पहिली गाडी घेणाऱ्यांसाठी कोटेशनपासून ग्राहक आयोगापर्यंत

शोरूममध्ये ग्राहकाच्या शब्दाला किंमत असते ती दोनच गोष्टींमुळे. एक, त्याने अजून न दिलेले पैसे. दुसरी, त्याने अजून न केलेली सही. या दोन्ही देऊन झाल्या की तोच सेल्सवाला फोन उचलत नाही, तोच मॅनेजर "मीटिंगमध्ये" असतो, आणि ज्या गोष्टी "होऊन जाईल सर" म्हणून सांगितल्या होत्या त्या कुणालाच आठवत नाहीत. नवी गाडी घेऊन मनस्ताप झालेल्या माणसांशी बोललं की बहुतेकांची चूक एकच निघते: पैसे आधी गेले, कागद नंतर मागितला. म्हणून पुढचं सगळं क्रमाने लिहिलं आहे. क्रम पाळा, अर्धी भांडणं टळतात.

सगळ्यात आधी: तुम्ही कुणाकडून गाडी घेता आहात?

पाटीवर कंपनीचं नाव असतं, पण शोरूम असतं डीलरचं. तो वेगळा व्यापारी आहे. तो कंपनीकडून गाडी विकत घेतो आणि तुम्हाला विकतो. हा फरक किती महागात पडू शकतो हे गोव्यातल्या एका प्रकरणात दिसलं. तिथल्या एका ग्राहकाला २०११ चं मॉडेल म्हणून २००९ मध्ये बनलेली गाडी दिली गेली. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की कंपनी आणि डीलर यांच्यातला व्यवहार दोन स्वतंत्र धंद्यांमधला आहे, आणि डीलरने केलेली लबाडी कंपनीला माहीत होती हे दाखवल्याशिवाय त्यासाठी कंपनीला जबाबदार धरता येत नाही. डीलर मात्र सुटला नाही. तेव्हा विक्रीतली प्रत्येक कबुली डीलरच्या लेटरहेडवर, डीलरच्या शिक्क्यानिशी हवी. "कंपनी मोठी आहे, काही होणार नाही" या भरवशावर राहू नका.

पहिली पायरी: कोटेशन ओळ न् ओळ वाचा

एकाच कंपनीच्या किमान दोन शोरूममधून लेखी कोटेशन घ्या. सूट सगळीकडे सारखीच असते असं सांगतील. भारतीय स्पर्धा आयोगाने २३ ऑगस्ट २०२१ रोजी मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड ठोठावला तो याच कारणावरून: ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त सूट देणाऱ्या डीलरांना कंपनी दंड करत होती, असा आयोगाचा निष्कर्ष होता. त्या चौकशीचं मूळ मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा या विभागातल्या तक्रारीत होतं. कंपनी अपिलात गेली. पण ग्राहकाने यातून घ्यायचं ते एवढंच की सूट मागणं हा गुन्हा नाही, आणि एका शोरूमने नाही म्हटलं म्हणजे विषय संपला असंही नाही.

आता कोटेशनचा कागद समोर घ्या. वरची ओळ एक्स-शोरूम किमतीची, म्हणजे रोड टॅक्स, नोंदणी आणि विमा धरण्याआधीच्या किमतीची. जीएसटी यातच असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना (पेट्रोल १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत) १८ टक्के, त्यापेक्षा मोठ्या गाड्यांना ४० टक्के आणि इलेक्ट्रिक गाड्यांना ५ टक्के. खाली रोड टॅक्स. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांत १२ आणि त्यावर १३. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. हे आकडे स्वतः कॅल्क्युलेटरवर करून बघा. "आरटीओ" या एका ओळीत कर, नोंदणी फी आणि डीलरची स्वतःची "सेवा" एकत्र घातलेली असेल तर तिन्ही वेगळे लिहून मागा. गाडी दहा लाखांच्या वर असेल तर एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने तुमच्याकडून आगाऊ गोळा केलेला आयकर) लागतो. तो बुडीत जात नाही, आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, फक्त पॅन नंबर बरोबर लिहिलाय ना ते पाहा.

खरी गंमत शेवटच्या चार-पाच ओळींत असते. हँडलिंग चार्जेस, लॉजिस्टिक्स, एसेन्शियल किट, टेफ्लॉन कोटिंग, अंडरबॉडी कोटिंग, एक्स्टेंडेड वॉरंटी. गाडी यार्डातून शोरूमपर्यंत आणून धुऊन-पुसून उभी करणं हे डीलरचं काम आहे आणि त्याच्या मार्जिनमध्ये ते धरलेलं आहे. हँडलिंग चार्जेस द्यायचे नाहीत. संवाद साधारण असा होतो:

"सर, हे सिस्टिममधूनच येतं. काढता येत नाही."

"हरकत नाही. मग या रकमेची वेगळी पावती द्या, कोणत्या कामासाठी घेतले ते लिहून."

बहुतेक वेळा इथे मॅनेजरला विचारायला जाणं होतं आणि ती ओळ निघते. आवाज चढवायची गरज पडत नाही. समोरचा मुलगा पंचविशीतला असतो, महिन्याच्या टार्गेटखाली दबलेला असतो, आणि ती ओळ त्याने घातलेली नसते. त्याच्याशी नीट बोला, पण कागदावर ठाम राहा. एक्स्टेंडेड वॉरंटी मात्र सरसकट नाकारू नका. जास्त इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या किंवा ऑटोमॅटिक गाडीला ती उपयोगाची ठरते, आणि मूळ वॉरंटी संपण्याआधी कधीही घेता येते का ते विचारून ठेवा, म्हणजे आजच घ्यायची घाई उरत नाही.

विमा: इथे सर्वात जास्त दाब टाकतात

नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा) सक्तीचा आहे, १ सप्टेंबर २०१८ पासून. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र एक वर्षाचा घेतला तरी चालतो. तीन किंवा पाच वर्षांचा एकत्र घ्यायलाच हवा असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. आणि डीलरकडूनच घ्यायला हवा हेही खरं नाही. त्याच विमा कंपनीचा, त्याच आयडीव्हीचा (गाडी पूर्ण गेली तर मिळणाऱ्या रकमेचा) आणि त्याच अ‍ॅड-ऑनचा (जादा संरक्षणाचा) दर बाहेर काढून बघा, मग फरक समोर ठेवा. पुष्कळदा डीलर तिथल्या तिथे उतरतो.

"बाहेरचा विमा घेतला तर आमच्याकडे कॅशलेस मिळणार नाही" हे वाक्य तुम्ही ऐकणारच. कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनीने परस्पर भरणं, मिळतं की नाही हे विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे का यावर ठरतं. विमा कंपनीच्या संकेतस्थळावर गॅरेजची यादी असते, त्यात वर्कशॉपचं नाव असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर विचार करा, कारण अपघातानंतर खिशातून भरून परत मिळवणं त्रासाचं असतं. बाहेरचा विमा घेतला म्हणून सूट कापली जाणार असेल तर ते बुकिंगच्या आधीच स्पष्ट करून घ्या.

बुकिंग

टोकनची रक्कम शोरूमच्या खात्यावरच भरा. सेल्सवाल्याच्या स्वतःच्या नंबरवर यूपीआय करू नका, मग तो कितीही ओळखीचा असो. बुकिंग फॉर्मवर व्हेरियंट, रंग, अपेक्षित तारीख, ठरलेली सूट, फुकट द्यायच्या वस्तू आणि "चालू वर्षात बनलेली गाडी" हे सगळं लिहून घ्या. किंमत बुकिंगच्या दिवसाची लागणार की डिलिव्हरीच्या, आणि रद्द केलं तर किती पैसे कापणार, हेही फॉर्मवर हवं. घरी आल्यावर त्याच गोष्टींचा चार ओळींचा ईमेल सेल्स मॅनेजरला पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं सेल्सवाला नोकरी सोडून गेला की त्याच्याबरोबर जातं, आणि या धंद्यात माणसं फार टिकत नाहीत.

कर्जाबद्दल थोडक्यात: शोरूममधल्या फायनान्सच्या टेबलावर बसण्याआधी आपल्या बँकेचा दर विचारून या. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी ग्राहकाला मुख्य माहितीचा तक्ता देणं बंधनकारक आहे. त्यात प्रोसेसिंग फीसकट वर्षाचा खरा दर एका आकड्यात लिहिलेला असतो. दोन बँकांची तुलना करायची तर हप्त्याची नको, त्या आकड्याची करा.

पीडीआय: ही पायरी चुकवलीत तर बाकी सगळं वाया

डिलिव्हरीआधीची तपासणी, म्हणजे पीडीआय, ग्राहकाने स्वतः करायची. कधी? इन्व्हॉइस फाटण्याआधी आणि पासिंग (आरटीओतली नोंदणी) होण्याआधी. गाडी एकदा तुमच्या नावावर चढली की दारावर ओरखडा निघाला तरी ती तुमचीच गाडी. मग तुम्हाला मिळतो फक्त टचअप. "पासिंग झाल्याशिवाय गाडी दाखवत नाही" असं म्हणणाऱ्या शोरूमला सांगा की चासी नंबर दिल्याशिवाय आणि गाडी पाहिल्याशिवाय उरलेली रक्कम भरणार नाही. बुकिंगच्या वेळीच हे लिहून घेतलंत तर उत्तम.

यार्डात दिवसाउजेडी जा. संध्याकाळच्या ट्यूबलाइटखाली रंगातला फरक दिसत नाही. बरोबर गाडीतलं कळणारा माणूस असेल तर बरं, नसेल तरी पुढच्या गोष्टी कुणालाही जमतात.

चासी नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. गाडीवरचा आणि कागदावरचा जुळवा, फोटो काढा. गाडी कोणत्या महिन्यात बनली ते लेखी मागा. विक्रीच्या दाखल्यावर, म्हणजे फॉर्म २१ वर, तो रकाना असतोच आणि पुढे आरसीवरही (नोंदणी प्रमाणपत्रावर) तेच छापून येतं. डिसेंबरमध्ये बनलेली गाडी जानेवारीत घेतली तर विकताना ती एक वर्ष जुनी धरली जाते, तेव्हा त्या हिशेबाने सूट मागा. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात: ३२२५ म्हणजे २०२५ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी महिन्यापूर्वीची आणि एकच टायर वर्ष-दीड वर्षाचा, असं असेल तर तो का बदलला हे विचारायलाच हवं.

मग रंग. गाडीच्या एका टोकाला खाली बसून पत्र्यावरून तिरकी नजर टाका. पुन्हा रंगवलेल्या पॅनेलची चमक शेजारच्या पॅनेलपेक्षा थोडी वेगळी दिसते, आणि रबरी बीडिंगच्या आत बोट घातलं तर रंगाचे बारीक कण हाताला खरबरीत लागतात. दरवाजाच्या बिजागरीचे आणि बॉनेटचे बोल्ट बघा. कारखान्यातून आलेल्या बोल्टच्या कडांवरचा रंग अखंड असतो. पान्याने खोललेल्या बोल्टच्या कडा उघड्या पडलेल्या दिसतात. हे दिसलं तर गाडीला ट्रकमधून उतरवताना किंवा यार्डात काहीतरी लागलेलं आहे. पावसाळ्यात घेत असाल तर मॅट उचलून खालचं कार्पेट आणि स्टेपनीचा खड्डा हाताने दाबून बघा. ओल लागली, कुबट वास आला, सीटच्या रुळांवर गंज दिसला तर तिथूनच परत फिरा.

ओडोमीटरवर थोडे किलोमीटर असणारच. शंभराच्या वर गेले असतील तर ती टेस्ट ड्राइव्हची गाडी नाही ना, हे विचारा. इंजिन चालू करून एसी दहा मिनिटं लावा, सगळ्या काचा वर-खाली करा, प्रत्येक बटण दाबा, रिव्हर्स कॅमेरा बघा, दुसरी किल्ली चालते का तेही.

दोष निघाला तर? किरकोळ असेल, म्हणजे एखादी क्लिप सैल वगैरे, तर लिहून द्या आणि दुरुस्त झाल्यावर परत बघा. पत्रा किंवा रंगाचा असेल तर दुसरा चासी नंबर मागा. "आमचा पेंटर एक नंबर आहे, कळणारसुद्धा नाही" याला मान हलवू नका. नव्या गाडीचे पैसे भरताना दुरुस्त केलेली गाडी घ्यायचं कारण नाही.

पाडवा आणि दसऱ्याला शोरूममध्ये हारतुऱ्यांच्या गाड्यांची रांग लागते आणि कुणालाच कुणाकडे बघायला वेळ नसतो. घरच्यांना मुहूर्त हवा असतो, तो धरावा. पण पीडीआय आठवडाभर आधी उरकून घ्या, म्हणजे मुहूर्ताला फक्त किल्ली हातात घ्यायची राहते.

किल्ली घेताना

टॅक्स इन्व्हॉइस, फॉर्म २१, विमा पॉलिसी, वॉरंटीचं पुस्तक, दोन किल्ल्या, जॅक-पाना, स्टेपनी, फास्टॅग. उच्च सुरक्षा नंबर प्लेट कंपनीकडूनच येते, १ एप्रिल २०१९ पासून, तिचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत. नंबर न लावता गाडी रस्त्यावर आणू नका. "दोन दिवसांत प्लेट येईल, तोवर चालवा" हे ऐकून निघालात आणि काही झालं तर विमा आणि पोलीस दोन्हीकडे अडचण. डिलिव्हरीच्या फॉर्मवर "सर्व काही समाधानकारक" असं आधीच छापलेलं असतं. जे मिळालं नाही ते सहीच्या वर हाताने लिहा, मग सही करा.

सर्व्हिसिंग: सगळा खेळ जॉब कार्डचा

फ्री सर्व्हिस म्हणजे मजुरी फुकट. ऑइल, फिल्टर यांचे पैसे लागतात, त्यावरून भांडू नका. भांडायचं ते दुसऱ्या गोष्टीवरून. दुपारी फोन येतो: "सर, इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग आणि एसी ट्रीटमेंट करून घेऊ का? गाडीला चांगलं असतं." तुमच्या मॅन्युअलमध्ये किती किलोमीटरला काय करायचं याचा तक्ता आहे. त्या तक्त्यात नसेल तर उत्तर नाही. ब्रेक पॅड घासलेत म्हणाले तर फोटो आणि किती मिलीमीटर उरलेत ते मागा. बदललेला जुना पार्ट परत हवा असं गाडी देतानाच जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉप तुमच्या तक्रारी आणि कामं लिहून घेतं त्या कागदावर, लिहा. नंतर मागितला तर "स्क्रॅपमध्ये गेला" हेच ऐकायला मिळतं.

गाडी देताना तक्रार सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरच्या शब्दांत लिहू देऊ नका. तो "नॉइज चेक" किंवा "एसी सर्व्हिस" असं लिहितो आणि संध्याकाळी समोर "ओके" येतं. नाशिकच्या माझ्या मावसबहिणीच्या गाडीचा एसी सिग्नलवर उभं राहिलं की गार हवा द्यायचा थांबायचा. वर्कशॉपमध्ये दर वेळी गॅस तपासून, जाळी धुऊन गाडी परत मिळायची. शेवटी तिने जॉब कार्डवर स्वतः लिहायला लावलं: "दुपारी ट्रॅफिकमध्ये वीसेक मिनिटांनी, गाडी उभी असताना, एसीतून गरम हवा येते. गाडी चालू लागली की पुन्हा गार. आधीही याच तक्रारीसाठी आणली होती, जुन्या जॉब कार्डांचे नंबर सोबत." मोबाइलवरचा व्हिडिओही दाखवला. त्या दिवशी मेकॅनिक बरोबर बसून गाडी ट्रॅफिकमध्ये फिरवली गेली, कंडेन्सरचा पंखा नीट फिरत नसल्याचं सापडलं आणि वॉरंटीत बदलून मिळाला. कधी, कुठे, किती वेळाने, आधी कधी सांगितलं: या चार गोष्टी लिहिल्या की तक्रार टाळता येत नाही. आणि पुढे आयोगात जायची वेळ आली तर एकाच दोषाची तारीखवार जॉब कार्डं हाच तुमचा सर्वात भक्कम पुरावा असतो. प्रत्येकाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.

बाहेरच्या गॅरेजचं काय? स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड केला होता, कारण सुटे भाग आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू दिली जात नव्हती. बाहेर हवा भरली, टायर बदलला म्हणून सगळी वॉरंटी गेली असं होत नाही. पण वायर कापून बसवलेला हॉर्न किंवा म्युझिक सिस्टिम हे वॉरंटी नाकारायला आयतं निमित्त आहे. वॉरंटीच्या काळात वायरिंगला बाहेर हात लावू देऊ नका.

गाडी परत दिल्यावर विनवणी येते: "सर, कंपनीचा कॉल येईल, दहापैकी दहा द्या." या गुणांवर डीलरचे आणि त्या मुलांचे पैसे अवलंबून असतात, म्हणून एवढी काकुळती. काम चांगलं झालं असेल तर मनापासून दहा द्या. तक्रार उरली असेल तर कॉलवर तेच सांगा. कंपनीच्या कानावर थेट जाण्याची ही तुमची सर्वात सोपी वाट आहे.

तरीही ऐकलं नाही तर

आधी सर्व्हिस मॅनेजर, मग डीलरचा जनरल मॅनेजर, मग कंपनीचं ग्राहक केंद्र. फोन करा पण तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय ठेवू नका, आणि त्याच दिवशी ईमेल करा. ईमेल छोटा ठेवा:

"माझी गाडी (नोंदणी क्रमांक, चासी क्रमांक) अमुक तारखेला घेतली. अमुक दोषासाठी सोबतच्या तारखांना वर्कशॉपमध्ये दिली. जॉब कार्डं जोडली आहेत. दोष कायम आहे. पंधरा दिवसांत वॉरंटीत विनामूल्य दुरुस्ती करून लेखी कळवावे, अन्यथा ग्राहक आयोगात दाद मागेन."

डीलर आणि कंपनी दोघांना एकाच ईमेलमध्ये घ्या, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. उत्तर नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. तिथे निकाल होत नाही, मध्यस्थी होते, पण तेवढ्यानेही पुष्कळ प्रकरणं मिटतात. तक्रार विमा कंपनीविरुद्ध असेल तर विमा लोकपालांकडे जा, त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत. कागद कसे लावायचे हे कळत नसेल तर ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना भेटा. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात सुरू केलेली ही चळवळ आहे आणि मुंबई ग्राहक पंचायतही १९७५ पासून काम करते आहे.

शेवटची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्ह्यातच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते, डीलरच्या गावी जावं लागत नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही करता येते, वकील सक्तीचा नाही. फी पाच ते दहा लाखांच्या गाडीसाठी २०० रुपये, दहा ते वीस लाखांसाठी ४००, त्यापुढे पन्नास लाखांपर्यंत १०००. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं, तेव्हा "आज करतो, उद्या करतो" म्हणणाऱ्या वर्कशॉपच्या नादाने ती घालवू नका.

मागणी मात्र विचार करून लिहा. नवी गाडी किंवा पूर्ण पैसे परत मिळायला गाडीत मूळचाच निर्मिती-दोष आहे हे सिद्ध करावं लागतं, त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागतो. आयोगाला तपासणीची विनंती करता येते. असा अहवाल नसेल तर दुरुस्ती, वॉरंटीची वाढ, गाडी बंद राहिलेल्या दिवसांची भरपाई आणि खर्च ही मागणी टिकण्याची शक्यता जास्त.

आणि एक गोष्ट भांडण चालू असतानाची. रागाच्या भरात गाडी वर्कशॉपमध्ये सोडून येऊ नका. तिथे ती धूळ खाते, बॅटरी उतरते आणि कधी कधी पार्किंगचं बिलही येतं. गाडी चालवण्याजोगी असेल तर वादातलं बिल भरा, बिलाच्या दोन्ही प्रतींवर "तक्रार कायम ठेवून, नाइलाजाने रक्कम भरत आहे" असं लिहून सही-शिक्का घ्या, आणि गाडी घरी आणा.